सुट्या पार्टचा बाजार आणि बंद रिमोट

गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकाने का रोडावली, याचे एक ठरलेले उत्तर आहे. यंत्रे बारीक झाली, आत चिप आली आणि सोल्डरिंग घेऊन बसलेल्या माणसाला करण्यासारखे काही उरले नाही. उत्तर सोयीचे आहे, त्यात कोणाचाच दोष निघत नाही. पण या धंद्याचा शंभर वर्षांचा प्रवास पाहिला तर ते टिकत नाही. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला, त्यामागून आयसी आला, काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग चढले, आणि दर वेळी धंद्याने नवे शिकून घेतले. तो अडतो तो पार्ट सुटा मिळेनासा झाला की. याची आजची सर्वांत लहान साक्ष म्हणजे चार्ज होईनासा झालेला टीव्हीचा सौर रिमोट.

मुंबईत रेडिओ आला तो हौशी मंडळींच्या हातून. १९२३ मध्ये इथल्या रेडिओ क्लबने प्रसारणाचे प्रयोग केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. कंपनी तीन वर्षांत बुडाली, पण ऐकण्याची सवय बुडाली नाही. त्या काळचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, आणि तिच्या पाठीला स्क्रूंनी बसवलेला पुठ्ठा. तो काढला की आत सॉकेटमध्ये खोचलेले व्हॉल्व्ह दिसत. कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशा पुष्कळ संचांत पाठीच्या आतच चिकटवलेला असे. व्हॉल्व्हची तार कधीतरी जळणारच हे बनवणाऱ्याने मुळातच गृहीत धरले होते, म्हणून जळका काढून नवा लावण्याची सोय वस्तूतच होती. शिवाय १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. टीव्हीलाही पुढे तोच नियम लागला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. जिच्यापायी सरकारदरबारी पैसे भरायचे, ती वस्तू माणूस सहजी भंगारात काढत नाही. या गरजेवर गिरगावाला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडचा बाजार पोसला गेला. हा रस्ता १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेले असले, तरी पार्ट आणायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. तिथे रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर सुटा मिळे, एकच हवा असला तरी. दादर-परळच्या गल्लीतल्या मेकॅनिकला माल भरून ठेवावा लागत नसे, कारण त्याचे गोदाम ग्रँट रोड स्टेशनाबाहेर होते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र, आणि त्याचा मनोरा वरळीत, म्हणजे परळ-दादरच्या अगदी उशाशी. तरीही चित्राला सावली पडे, कारण मधल्या इमारतींवर आपटून परतलेली लाट अँटेनावर किंचित उशिरा पोचे. मग गच्चीवर एकजण अँटेना फिरवणार आणि खालून दुसरा ओरडून सांगणार, हा त्या काळचा ठरलेला देखावा. चाळीत टीव्ही एखाद्याच घरी, आणि शनिवारचा मराठी नि रविवारचा हिंदी चित्रपट पाहायला अख्खा मजला त्या खोलीत. साहजिकच शनिवारी दुपारी संच बंद पडला तर मेकॅनिकला घरून उचलून आणण्याइतकी निकड असे. तक्रारी बहुधा साध्या असत. चॅनेल बदलायचा नॉब खटखट फिरे, त्याच्या आतल्या संपर्कपट्ट्यांवर मुंबईच्या दमट हवेने काळा थर बसे आणि चित्र उडे. पट्ट्या पुसल्या की काम झाले. पण पिक्चर ट्यूबजवळचे काम साधे नव्हते. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा दाब साठून राही. मेकॅनिक लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला वायर गुंडाळून तिचे दुसरे टोक चासिसला लावी आणि पाते ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवी. चट् असा आवाज आला की मगच हात आत जाई. हे शिकवायला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम होता, पण बरेचसे शिक्षण उस्तादाच्या बाजूच्या स्टुलावरच होई.

रिमोटची गोष्ट वेगळी, आणि थोडी गमतीचीही. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट काढला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले होते. त्यांच्यावर खिडकीतले ऊन पडले की टीव्ही आपोआप चॅनेल बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला. त्याचे बटण दाबले की आतली लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर बसे आणि कानाला ऐकू न येणारा नाद उमटे. त्याला सेलच लागत नसे. सेलच्या कटकटीतून सुटका ही कल्पना आजची नाही, हे यावरून दिसते. मुंबईत मात्र एक-दोन वाहिन्यांच्या काळात रिमोटचे काम नव्हते, उठून नॉब फिरवला की झाले. १९९१ नंतर केबलवरून उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये झी आली, आणि दहा बाय बाराच्या खोलीतही रिमोटवाचून नडू लागले. त्याचे बिघाडही मेकॅनिकने आपलेसे केले. सेल गळून गंजलेली स्प्रिंग घासायची, बटणांखालच्या रबरी पत्र्यावरचा काळा लेप झिजला असेल तर पत्रा बदलायचा, पडून निखळलेला क्रिस्टल पुन्हा जोडायचा. पुढची एलईडी पेटते की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बहुधा दिसते, ही युक्ती आता घरोघरी ठाऊक आहे. जिथे दुरुस्ती परवडेना तिथे डुप्लिकेट रिमोट आला. तोही लॅमिंग्टन रोडवरच.

जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने सौर रिमोट जाहीर केला. त्यामुळे सात वर्षांत सुमारे ९ कोटी ९० लाख सेल कचऱ्यात जाण्यापासून वाचतील, असा कंपनीचा अंदाज होता. हेतू चांगला आहे. पण रिमोट चार्ज होईना, तर निम्म्या तक्रारींचे कारण बिघाड नसून प्रकाश असावा. सौरपट्टी रिमोटच्या पाठीला आहे, म्हणजे रिमोट बटणे वर करून ठेवण्याची आपली सवय इथे उलटी पडते. त्यावर आपण नव्या रिमोटला प्लास्टिकचे कव्हर घालणार, आणि ते पिवळे पडेपर्यंत काढणार नाही. शिवाय खोलीचा प्रश्न आहेच. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, तर रात्री ट्यूबलाइटखाली जेमतेम शे-दोनशे. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या मधल्या अंधाऱ्या बोळावर उघडतात. तिथे उजेड एकाच बाजूने येतो आणि टीव्ही बहुधा दुसऱ्या बाजूला. रिमोट वीज फार थोडी खातो म्हणून एवढ्यावरही गाडी चालते, पण पूर्ण उतरलेली बॅटरी अशा उजेडात वर यायची नाही. तेव्हा कव्हर काढावे, पट्टी कोरड्या कपड्याने पुसावी, पाठ वर करून खिडकीशी ठेवावा, मात्र मे महिन्याच्या कडक उन्हात तापत ठेवू नये, कारण लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. खाली यूएसबी-सीचे तोंड आहे, त्यातला धूळ-कापूस काढून दुसऱ्या केबलने चार्ज करून पाहावा. इथवर सगळे घरच्या घरी होते. यानेही काही झाले नाही तर बहुधा बॅटरीच गेलेली असते, आणि वाट तिथे संपते. ती बॅटरी ग्राहकाने बदलायची म्हणून बसवलेलीच नाही, तिला सेलच्या खणासारखे झाकणही नाही.

यावर पहिला आक्षेप बारीकपणाचा येईल: एवढ्याशा यंत्रात हात कसा घालणार? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात जाऊन पाहावे. रिमोटपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे मोबाइल तिथे उघडले जातात, सूक्ष्मदर्शकाखाली चिप उचलून पुन्हा बसवली जाते. ते शक्य होते कारण मोबाइलचे स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगचे पोर्ट सुटे मिळतात. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, की लिथियमची बॅटरी टोचली तर पेट घेते. खरे आहे. पण ज्या धंद्याने हजारो व्होल्टची पिक्चर ट्यूब रोज उघडली, त्याला धोका सांभाळण्याची शिस्त नवी नाही. बॅटरी चिकटवून न टाकता खणात बसवली तर टोचण्याची वेळही येणार नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुकाने कमी झाली ती गिरणगाव मोडल्यामुळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुढे गिरण्याच गेल्या. त्याने गिऱ्हाइकाचा खिसा फाटला यात शंका नाही. पण खिसा फाटलेला माणूस नवे घेण्याऐवजी जुने दुरुस्त करतो, त्याच्यामुळे मेकॅनिकचे काम घटत नाही. रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी आले आणि संपानंतरच्या दोन दशकांत या भागात टीव्ही वाढतच गेले. जागेची भाडी वाढून दुकाने हलली, हे मात्र मान्य करायला हवे.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आणि बदलता आली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांची सेवा केंद्रे, वॉरंटी, सुट्या भागांची माहिती मिळते, पण माहिती मिळणे आणि पार्ट गल्लीतल्या दुकानात सुटा मिळणे यांत बरेच अंतर आहे. तोवर सौर रिमोट बंद पडलेला लालबागचा गिऱ्हाईक तेच करतो जे नव्वदच्या दशकात करत होता. ग्रँट रोडला उतरतो आणि त्याच टीव्हीला चालणारा डुप्लिकेट रिमोट घेतो. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात.