सामूहिक भूमी आणि व्यक्तिगत घर : गोव्यातील गावकारीचा ऐतिहासिक विचार

गोव्यातील 'गावकारी' ही ग्रामसंस्था पोर्तुगीज सत्तेपूर्वीची असून त्या राजवटीत ती 'कोमुनिदाद' या नावाने ओळखली जाऊ लागली. गावची जमीन गावकारांच्या वंशपरंपरागत समूहाच्या मालकीची असे. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने कसावयास दिली जात. बांध, देवालय इत्यादींचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना 'झोण' हा वाटा मिळे. अशा सामूहिक भूमीवर व्यक्तीचे घर कोणत्या हक्काने उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गावकारांच्या रूढींना १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याच्या सनदेने लेखी रूप दिले. शेत मुदतीअखेर दुसऱ्याकडे जाऊ शकते, घराचे मात्र तसे नाही. त्यामुळे घर व बागायतीसाठी कायम पट्ट्याची पद्धत उपयुक्त ठरली. पट्टेदार दरवर्षी 'फोर' हा ठरावीक खंड भरी. उपभोगाचा हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा, तर मूळ स्वामित्व कोमुनिदादीचे, अशी ही विभागणी होती. फोराची रक्कम अल्प असली तरी ती भरणे म्हणजे समूहाचे स्वामित्व दरवर्षी मान्य करणे होय.

तथापि, या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. गावकारपण पुरुषवंशाने चालत असल्याने गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अनेक श्रमिक या समूहाबाहेर राहिले. जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला. घराचा आधार मालकाच्या मर्जीऐवजी कायदा झाला, हे त्याचे महत्त्व.

कोमुनिदादींची १९६१ ची संहिता मुक्तीनंतरही लागू राहिली. पुढे कोमुनिदादींच्या जमिनींवर अनधिकृत घरे वाढली. २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची अशी घरे नियमित करता यावीत, यासाठी गोवा विधानसभेने २०२५ मध्ये संहितेत दुरुस्ती संमत केली. गावकारांच्या दृष्टीने हा सामूहिक वारशावरील आघात, तर रहिवाशांच्या दृष्टीने निवाऱ्याचा प्रश्न आहे.

सारांश, सामूहिक मालकी व व्यक्तिगत घर यांत मुळात विरोध नव्हता. समूहाची संमती व नियमित मोबदला हा त्यांना जोडणारा दुवा होता. मात्र तो समूह म्हणजे संपूर्ण गाव कधीच नव्हता. आजच्या वादाचा न्याय्य निर्णय करताना इतिहासातील या दोन्ही बाबी एकत्र विचारात घ्याव्या लागतील.