गाळातील साक्षीदार

मार्च २०२३ मध्ये सांगलीनजीक कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगले. अशा वेळी बाटलीत पाणी भरून तपासणीस धाडतात. पण दूषित लोंढा तोवर पुढे गेलेला असू शकतो. पाणी वाहून जाते, गाळ मात्र मागे राहतो. त्या गाळाची साक्ष काढण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०८ साली वनस्पतींची व १९०९ साली प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. सांडपाणी किती मुरले आहे, हे तेथे वसणाऱ्या जीवांवरून ओळखावे, हे त्यांचे सूत्र. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या अभ्यासगटाने पुढे या बिनकण्याच्या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण ठरवून दिले. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशाच धर्तीवर जैविक निकष सिद्ध केले.

या गुणांमागील तत्त्व सोपे आहे. निर्मळ, खळाळत्या पाण्यात दगडांच्या फटींतून वाळूचे कण जोडून घर बांधणाऱ्या अळ्या नांदतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. शेतातली माती वाहून आली की फटी बुजतात व त्या नाहीशा होतात. सांडपाण्याच्या काळ्या गाळात तांबड्या अळ्या व बारीक गांडुळे माजतात. त्यांच्या रक्तातील तांबडे द्रव्य अत्यल्प प्राणवायूही धरून ठेवते. हे जीव आठवडे, महिने एकाच ठिकाणी राहतात. म्हणून त्यांची साक्ष क्षणापुरती नसते.

ही साक्ष घेताना विवेक हवा. वाईच्या खडकाळ पात्राची तुलना सांगलीच्या संथ डोहाशी करणे अन्यायाचे ठरेल. शेरीनाला कृष्णेस मिळतो, त्याच्या वरचा व खालचा तळ ताडून पाहणे योग्य. महापूरही तळ खरवडून नेतो, हे २०१९ चा पूर पाहिलेल्यांस सांगावयास नको. शिवाय कोणते विष, हे जीव सांगत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

तथापि जाळी, पांढरे ताट व भिंग एवढ्या साहित्यावर, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, शाळकरी मुलेही ही नोंद दरवर्षी ठेवू शकतील. मासे मरेपर्यंत थांबण्यापेक्षा या मुक्या साक्षीदारांचे वेळीच ऐकणे बरे, असे आम्हांस वाटते.