बुडालेला रोज आणि १९२८ चं भाषण

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं. बाळंतिणीच्या पैशासाठीही ते भांडले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात ते प्रसूती लाभ विधेयकावर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ ला कायदा झाला. भार मात्र मालकावर आणि लाभ फक्त कारखान्यातल्या बाईला. आपलं चाकूर तेव्हा निजामाच्या राज्यात, इथं तो लागूच नव्हता. १९६१ चा केंद्रीय कायदाही खुरपणीला जाणाऱ्या बाईला शिवला नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तिचा हक्क लिहिला: किमान ६,००० रुपये. २०१७ च्या मातृवंदना योजनेत त्याचे ५,००० झाले, तेही पहिल्याच बाळंतपणाला. पुढे दुसऱ्या वेळी ६,००० ठेवले, पण मुलगी झाली तरच! (मुलगा झाला तर मजुरी बुडत नाही वाटतं.)

सरकारी दवाखाना फुकट, मान्य. पण चाकूरहून लातूरला पाठवलं की तिचा रोज बुडतो, सोबतच्या सासूचाही. केसपेपरवर त्याचा रकाना नसतो. म्हणून कित्येक जणी तपासणीच पुढे ढकलतात. पैसा आधी हातात आला तरच ती वेळेवर निघेल.

अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ४ पहिलं-दुसरं मोजत नाही, मुलगा-मुलगीही नाही. येत्या ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचा.