केबिनमधील दाब घटल्याचा इशारा : आधी मुखवटा, मग कारणाचा शोध
लहान जेट विमानाच्या कॉकपिटमधील इशारे रंगांवरून ओळखले जातात. लाल इशारा तत्काळ कृतीची, तर पिवळसर इशारा सावधगिरीची सूचना देतो. बहुतेक बिघाडांत वैमानिक प्रथम विमानावरील ताबा राखतात आणि मग तपासणी-सूची वाचून उपाय योजतात. केबिनमधील हवेचा दाब घटल्यास मात्र सूची उघडण्यापूर्वीच प्राणवायूचा मुखवटा चढवावा लागतो. ३५,००० फुटांवर प्राणवायूविना माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट विचारपूर्वक कृती करू शकतो. मुखवट्यानंतर विमान सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणणे आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवणे, हा पुढचा क्रम.

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत ऑरलँडोहून डॅलसकडे निघालेल्या लिअरजेट ३५ विमानातील दाब घटला. पूरक प्राणवायू न मिळाल्याने वैमानिक निष्क्रिय झाले. उड्डाणानंतर सुमारे चार तासांनी ते विमान साउथ डकोटा राज्यात कोसळले. गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांच्यासह विमानातील सहाही जण मृत्युमुखी पडले. दाब का घटला, हे तपासातही निश्चित होऊ शकले नाही.