नेकनूरच्या डोंगरात पावसाळी भटकंती: कपिलधार, नायगावचे मोर अन् ताटातली भुईछत्री, जाण्याआधी हे वाचा

नेकनूर : बीड जिल्ह्यात जंगल तसं थोडंच. जे आहे ते बहुतेक बालाघाटाच्या डोंगररांगेवर. हीच रांग जिल्ह्याचं पाणी वाटते. उत्तरेकडचं पाणी बिंदुसरा, सिंदफणामार्गे गोदावरीला जातं, दक्षिणेकडचं मांजरेला. धावडा, सालई, पळस, खैर, बोर अन् सगळीकडे सीताफळ, असं हे पानझडी अन् काटेरी रान. उन्हाळ्यात बघवत नाही, पण दोन चांगले पाऊस झाले की ओळखू येत नाही.

कुठे जायचं?

मांजरसुंब्याजवळचं कपिलधार सगळ्यांच्या माहितीचं. पावसाळ्यात धबधबा अन् मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी यात्रेला वीरशैव लिंगायत भाविकांची मोठी गर्दी असते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळावेत. धारेखालचे दगड शेवाळलेले असतात. फोटोच्या नादात कडेला जाऊ नये.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की नायगाव मयूर अभयारण्य लागतं. 1994 साली जाहीर झालेलं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. मोर पाहायचा तर दिवस उगवताना किंवा मावळताना. पावसाळ्याच्या तोंडावर तो पिसारा फुलवतो, नंतर पिसं गळतात. मोराशिवाय चिंकारा, कोल्हा, ससा, तरस हेही या भागातले. बिबट्याला विसरून चालत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात त्याच्या हल्ल्यात माणसं दगावली होती. अंधार पडल्यावर एकट्यानं रानात थांबू नये, लेकरांना पुढं पळू देऊ नये.

मोराची शिकार गंमत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षे कैद. फासे, वाघर लावणंही त्यातच येतं.

भुईछत्री : इथं जीवाशी गाठ

पावसानंतर वारुळाजवळ उगवणारी अळिंबी जुनी माणसं आवडीनं खातात. वाळवीच्या घरट्यावर ती वाढते. अलगद उकरली तर दांडा मुळासारखा लांब खाली वारुळापर्यंत गेलेला दिसतो. ही खूण चांगली, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये.

गायरानात, शेणखताजवळ पांढरी, वर तपकिरी खवले असलेली मोठी छत्री येते. ती विषारी. जून झाली की छत्रीखालच्या बारीक पट्ट्या हिरवट होतात, पण कोवळेपणी पांढऱ्याच असतात, तिथंच फसगत होते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात.

सर्वात घातक जाती याहून कपटी. त्यांची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मग एखादा दिवस बरं वाटतं अन् तोवर आत यकृत निकामी होत असतं. ते विष शिजवून जात नाही. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. खात्री नसेल तर सरळ टाकून द्यावं. खाल्ल्यावर त्रास झाला तर उरलेली छत्री किंवा भाजी सोबत घेऊन दवाखाना गाठावा, बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी फिरू नये.

त्यापेक्षा करटुली, कुर्डू, तरोटा, पाथरी या रानभाज्या बऱ्या. सीताफळं दसरा-दिवाळीच्या सुमारास. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

गळ टाकण्याआधी

तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारूनच गळ टाकावा. मरळ, रोहू, कटला, चिलापी हे इथले नेहमीचे मासे. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. करंट सोडणारे गडी तर स्वतःच्याच जीवावर उठतात. पावसाळ्यात तलावाच्या भरावावरून, सांडव्यातून चालू नये.

घोणस, फुरसे, मण्यार, नाग हे चारही विषारी साप महाराष्ट्राच्या रानात आहेत. पायात बूट, हातात काठी अन् बॅटरी हवीच. चावल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं करू नये. चावलेला भाग हलू न देता सरकारी रुग्णालय गाठावं.

रुग्णवाहिका : 108
वन विभाग हेल्पलाइन : 1926