अंडाशयातील गाठ : सोनोग्राफीच्या अहवालांत एकवाक्यता का हवी?

अंडाशयात आढळलेली गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा पहिला अंदाज सोनोग्राफीवरून बांधला जातो. मात्र एकाच गाठीच्या प्रतिमा पाहून दोन डॉक्टर भिन्न निष्कर्षांपर्यंत पोहोचू शकतात. ही तफावत मोजणे आणि कमी करणे हा गेल्या अडीच दशकांत वैद्यकीय संशोधनाचा महत्त्वाचा विषय ठरला आहे.

भारतातील स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगानंतर अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. प्रारंभी त्याची लक्षणे अस्पष्ट असतात. त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालावर बरेच काही अवलंबून असते.

प्रवास करणारा अहवाल

छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीचे उदाहरण घेता येईल. येथील सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. कर्करोगाची शंका असल्यास रुग्णाला रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय असे पर्याय असतात. भिलाई मुंबई–हावडा लोहमार्गावर असल्याने ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत.

रुग्णासोबत तिचा अहवालही प्रवास करतो. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांच्या हाती अनेकदा केवळ काही स्थिर छायाचित्रे आणि चार ओळींचा मजकूर असतो. 'गुंतागुंतीची गाठ' एवढाच उल्लेख असेल, तर त्यातून प्रत्येक जण वेगळा अर्थ काढू शकतो. चुकीच्या अंदाजाचे परिणाम दोन्ही बाजूंनी गंभीर असतात. साध्या गाठीसाठी तरुण स्त्रीला अंडाशय गमवावे लागू शकते. उलट, कर्करोगाची गाठ साधी समजून काढताना ती पोटात फुटल्यास रोग पसरण्याचा धोका वाढतो.

एकवाक्यता कशी मोजतात?

दोन निरीक्षकांचे किती वेळा एकमत झाले, एवढे मोजणे पुरेसे नसते. समजा, दोन डॉक्टरांनी १०० गाठी तपासल्या. दोघांनीही ८५ गाठी साध्या व ५ कर्करोगाच्या ठरवल्या आणि उरलेल्या १० गाठींबाबत मतभेद झाला. या १० पैकी ५ गाठी पहिल्याने, तर ५ दुसऱ्याने कर्करोगाच्या मानल्या. येथे एकमत ९० टक्के दिसते. परंतु बहुतेक गाठी साध्याच ठरत असल्याने केवळ योगायोगानेही ८२ टक्के एकमत झाले असते. हा योगायोग वजा करणारा कॅपा गुणांक जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. या उदाहरणात तो ०.४४, म्हणजे मध्यम प्रतीचा येतो. पूर्ण एकमत असल्यास तो १ असतो.

पोटातील पाणी किंवा एकच कप्पा असलेली पातळ भिंतीची गाठ ओळखण्यात सहसा मतभेद होत नाहीत. भिंतीचा खडबडीतपणा, आतील लहान उंचवटे आणि रक्तप्रवाहाची तीव्रता ठरवताना मात्र ते अधिक होतात.

समान शब्द, समान नियम

हे लक्षात घेऊन डर्क टिमरमन, लिल व्हॅलेंटिन आणि टॉम बोर्न यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये 'आयोटा' हा आंतरराष्ट्रीय अभ्यासगट स्थापन झाला. त्याने २००० मध्ये समान परिभाषा प्रसिद्ध केली. तीनुसार गाठीच्या भिंतीपासून आत आलेला घन उंचवटा ३ मिलिमीटर किंवा त्याहून उंच असेल, तरच त्याला पॅपिलरी उंचवटा म्हणतात. रक्तप्रवाहाला १ ते ४ गुण दिले जातात.

२००८ मध्ये या गटाने दहा 'सोपे नियम' मांडले. पाच लक्षणे साध्या गाठीची, तर पाच कर्करोगाची. एकाच बाजूची लक्षणे दिसल्यास त्यानुसार निष्कर्ष काढला जातो. दोन्ही बाजूंची दिसल्यास किंवा एकही न दिसल्यास गाठ 'अनिश्चित' ठरते. सुमारे तीन चतुर्थांश गाठींना हे नियम लागू पडतात. उर्वरित गाठी अनुभवी तज्ज्ञाकडे पाठवल्या जातात. 'ओ-रॅड्स' या पद्धतीत धोक्यानुसार श्रेणी दिली जाते. त्यातील श्रेणी २ मध्ये कर्करोगाची शक्यता १ टक्क्याहून कमी, तर श्रेणी ५ मध्ये ५० टक्के किंवा अधिक असते.

नियमांच्या मर्यादा

एकमत म्हणजे अचूकता नव्हे. दोघेही एकसारखेच चुकू शकतात. भारतात याचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ओटीपोटाचा क्षयरोग. त्यात गाठ, पोटात पाणी आणि रक्तातील सीए-१२५ ची वाढ हे तिन्ही आढळू शकते आणि चित्र हुबेहूब कर्करोगासारखे भासते. एन्डोमेट्रिओसिसमध्येही सीए-१२५ वाढते. अंतिम निदान ऊतीच्या तपासणीनेच होते.

रुग्णांनी काय करावे?

अहवालात गाठीचे मिलिमीटरमधील माप, कप्प्यांची संख्या, घन भाग, रक्तप्रवाह आणि पोटातील पाणी यांची नोंद आहे का, हे पाहावे. शेवटच्या मासिक पाळीची तारीख किंवा पाळी बंद झाल्याचे वर्ष डॉक्टरांना सांगावे. दुसरा सल्ला घेताना मूळ प्रतिमा, शक्य असल्यास चलचित्रासह, सोबत न्याव्यात. दोन अहवालांत फरक आढळल्यास घाबरून न जाता, नेमक्या कोणत्या लक्षणाबाबत मतभेद आहे, हे डॉक्टरांना विचारावे. पुढील तपासणीची दिशा त्याच उत्तरावरून ठरते.