देवळाली ताप

देवळाली ताप : मनाचा तोल ढळलेल्या माणसासंबंधी ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत रूढ झालेला शब्दप्रयोग. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘डूलॅली टॅप’ असा होतो. यातील पहिले पद हा नाशिक जिल्ह्यातील देवळाली या लष्करी छावणीच्या नावाचा अपभ्रंश होय. दुसरे पद हिंदुस्थानी बोलीतील ‘तप’ म्हणजे ज्वर, अर्थात मराठी वाचकाच्या परिचयाचा ‘ताप’च होय. कालांतराने दुसरे पद गळून पडले आणि एकटे ‘डूलॅली’ वेडसर, भ्रमिष्ट या अर्थाने इंग्रजी बोलीत शिल्लक राहिले. हा शब्द वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना या नावाचे गाव आहे, हेही ठाऊक नसते. वस्तुतः देवळाली ही कोरड्या व आरोग्यदायी हवेसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईकर, विशेषतः पारशी कुटुंबे, आजारातून उठल्यावर हवापालटासाठी तेथे जात आणि त्यांच्यासाठी बांधलेली आरोग्यधामे तेथे आजही आहेत. अशा गावाचे नाव वेडाशी जोडले जावे, यामागे हवामान नव्हे, तर लष्करी व्यवस्थेतील एक दोष होता.

देवळाली येथे १८६१ मध्ये छावणी स्थापन झाली. कसारा घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाल्यावर मुंबई बंदरात उतरणाऱ्या व तेथून परतणाऱ्या पलटणींचा हा नेहमीचा मुक्काम झाला. सैन्य वाहून नेणारी जहाजे तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळण्यासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळातच ये-जा करीत. परिणामी ज्याच्या सेवेची मुदत वसंतात संपे, त्याला पुढील हंगामापर्यंत, म्हणजे कधीकधी सहा महिने, छावणीत बसून राहावे लागे. १८७० च्या ब्रिटिश कायद्याने अल्पमुदतीची सेवा सुरू केली आणि अशा मुदत संपलेल्या सैनिकांची संख्या वाढली.

या प्रतीक्षेचे वर्णन फ्रँक रिचर्ड्झ या सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओल्ड सोल्जर साहिब या आठवणींत केले आहे. ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात साधे शिपाई होते. मुदत संपलेल्यांजवळ शस्त्रे नसत. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांब पल्ल्याची कूच, एवढेच काम असे. वेळ जाता जात नसे. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षे एकही ठपका नव्हता असे शिपाई याच काळात गंभीर गुन्हे करीत आणि मायदेशी जाण्यापूर्वी तुरुंगवास भोगीत. काहींना गुप्तरोग जडत. तेथील कंटाळ्याने माणसे विचित्र वागू लागत आणि त्यावरूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असा त्यांचा तर्क आहे. हा साक्षीदार वैद्य नव्हता, तरीही त्याचे निरीक्षण तत्कालीन वैद्यकीय मतापेक्षा सत्याच्या अधिक जवळचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तत्कालीन वैद्यकाने दोष मुख्यतः उन्हाला दिला. गोऱ्या माणसाचा मेंदू उष्ण कटिबंधातील सूर्य सहन करू शकत नाही, अशी समजूत होती आणि डोक्यावरची भेंडाची टोपी हा त्यावरचा उपाय मानला जाई. आजच्या ज्ञानानुसार पाहता या एकाच नावाखाली अनेक भिन्न विकार गोळा झालेले असावेत. मस्तिष्कीय हिवतापात रुग्ण बरळतो व बेशुद्ध होतो; तेव्हा ‘ताप’ हे पद काही रुग्णांच्या बाबतीत शब्दशः खरे असणार. अतिमद्यपानाने, तसेच मद्य एकाएकी तुटल्याने संभ्रम व भास होतात. उपदंशाचे जंतू काही वर्षांनी मेंदूत शिरून बुद्धिभ्रंश व पक्षाघात घडवितात. हे जंतू अशा रुग्णांच्या मेंदूत असल्याचे १९१३ मध्ये सिद्ध झाले. यांखेरीज जे उरतात, ते अवसादाचे व चिंतेचे रुग्ण होत. त्यांच्या शरीरात दाखविता येण्याजोगे काहीच नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला थट्टा आली. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात देवळालीच्या छावणीपासून सुरू होणारी एक विनोदी मालिका प्रसारित केली.

ज्यांचे वेड उघड होते, त्या गोऱ्या सैनिकांना इंग्लंडला पाठविण्याची सोय होती. ईस्ट इंडिया कंपनीचे असे रुग्ण १८१८ पासून लंडनजवळील हॅक्नी येथील पेंब्रोक हाउस या खासगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले जात. १८७० ते १८९२ या काळात ईलिंग येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था होती. देवळाली तापाच्या या साऱ्या कथेत देशी शिपाई मात्र कोठेच नाही. त्याला जहाजाची वाट पाहावी लागत नव्हती; तो सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडील आपल्या गावी परते आणि त्याचा आजार घराच्या उंबरठ्याआड नाहीसा होई.

पहिल्या महायुद्धात या शिपायाच्या मनावर काय कोसळले, याची कल्पना येते. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधील नव शापेल येथील हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स दलाच्या दोन कंपन्यांची मोठी हानी झाली. मेसोपोटेमियात कुत येथे वेढल्या गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ही फौज शरण गेली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. वाळवंटातील पायपीट व कैद यांत त्यांपैकी हजारो मृत्युमुखी पडले. फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी शिपाई स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय प्रचलित होता. ब्रायटन येथील किचनेर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमांची पाहणी केली, तेव्हा या संशयास आधार मिळाला नाही. मानसिक आघात म्हणजे भेकडपणा, हे समीकरण मात्र कायम राहिले. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात मांडली; रुग्ण वाढताच, १९१७ मध्ये, आघाडीवर हे निदान लिहिण्यावर ब्रिटिश लष्करानेच निर्बंध घातले.

हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था निघाली व पुढे ती खडकीस गेली. मन दुखावलेल्यांसाठी मुख्यतः १९१२ च्या कायद्याखालील वेड्यांचे इस्पितळ हाच मार्ग होता. आणि त्या दारात कोणते घर आपला माणूस आपण होऊन नेऊन सोडील?

अमेरिकन मानसचिकित्सक संघटनेने १९८० मध्ये, व्हिएटनाम युद्धातून परतलेल्यांच्या अनुभवाचा विचार करून, ‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे निदान मान्य केले. भयंकर प्रसंग स्वप्नांत किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा जिवंत होणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा व माणसे टाळणे आणि शरीर सतत सावध राहणे ही तिची मुख्य लक्षणे होत. अशा माणसाच्या घरच्यांना आजार वेगळ्याच रूपात दिसतो. फटाका वाजताच तो ओरडतो, लग्नकार्यास जात नाही, मुलांवर विनाकारण संतापतो, रात्री दोनदा दाराची कडी तपासतो. झोप लागावी म्हणून कँटीनमधील रम हळूहळू रोजची होते. कोणी त्याला तापट म्हणतो, कोणी बाहेरचे झाले म्हणून देवऋषीकडे नेतो. प्रसंगानंतर एक महिन्याहून अधिक काळ ही लक्षणे टिकली, तर तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते. विशिष्ट मानसोपचार व औषधे यांनी पुष्कळ रुग्णांना आराम पडतो.

परंतु प्रत्येक माजी सैनिकाचा त्रास रणभूमीतून आलेला नसतो. देवळालीचा इतिहास मुख्यतः हेच सांगतो. तेथे ढळलेली माणसे लढाईत नव्हती. एक आयुष्य संपलेले आणि दुसरे सुरू न झालेले, अशा मधल्या अवस्थेत ती होती. पहिल्या महायुद्धात ४६ सैनिक गमावलेले साताऱ्याचे अपशिंगे किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत निवृत्त जवान बहुधा ऐन उमेदीच्या वयात परततो. पहाटेचा बिगूल, पलटणीचे नाव, हाताखालची माणसे हे सारे एका दिवसात सुटते. घराचा कारभार इतकी वर्षे पत्नीने चालविलेला असतो. त्यात आपली जागा कोणती, हे त्यास उमगत नाही. या काळातील गप्पपणा आळस नसून अवसाद असू शकतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी फार तर पंचवीस टक्के अग्निवीरच कायम व्हावयाचे असल्याने असे तरुण परतण्याचे प्रमाण वाढणार आहे.

उपचारांची साधने आज पूर्वीइतकी दुर्मिळ नाहीत. एप्रिल २००३ मध्ये माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिले. तेव्हा खटल्याच्या भीतीने असा प्रसंग डॉक्टरांपासून लपविण्याचे कारण उरलेले नाही.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. आजार सेवेमुळे उद्भवला की मूळचाच होता, या वादात मानसिक आजाराचे दावे अडकतात. भरतीच्या वेळी नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे आणि विरुद्ध सिद्ध करण्याचा भार शासनावर राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १९८२ च्या नियमांच्या आधारे दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले असून त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना ते लागू होतात. कोणतेही नियम लागू असोत, दाव्याचा आधार कागद हाच असतो. म्हणून वैद्यकीय मंडळाचा अहवाल, इस्पितळातून सुटी मिळाल्याची पत्रे आणि सेवापुस्तकाची प्रत कुटुंबाने जपून ठेवावी आणि अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाताना ती बरोबर न्यावी.